झोपेतून उसनी घेतलेली तंदुरुस्ती

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: नोकरी आणि घर सांभाळून व्यायामाला वेळ काढायचा कुठून? पत्रे वाचताना मला एक गोष्ट फार अस्वस्थ करून गेली. जवळजवळ प्रत्येकाने तो वेळ झोपेतून काढला आहे, आणि कामाच्या तासांना हात लावता येईल हा विचारही कुणाच्या मनात आलेला दिसत नाही. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: माझे वय 41 आहे. दिवसाचे दहा-अकरा तास संगणकासमोर बसून काम करतो. झोपायला रात्रीचे साडेबारा होतात. वजन वाढले म्हणून पहाटे पाचचा गजर लावून जिमला जाऊ लागलो. 21 दिवसांत सवय लागते असे वाचले होते, पण तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चौथ्या आठवड्याच्या आत ‘ये रे माझ्या मागल्या’ झाले. माझ्यात चिकाटी नाही असे आता घरचेही म्हणू लागले आहेत. काय करावे?

उत्तर: साडेबाराला झोपून पाचला उठणे म्हणजे साडेचार तासांची झोप. इतक्या झोपेवर तुम्ही तीन-तीन आठवडे जिमला गेलात, तेही एकदा नव्हे तर तीनदा. याला चिकाटीचा अभाव म्हणायला मी तयार नाही. तुमच्या शरीराने तिन्ही वेळा योग्य तोच निर्णय घेतला असे मी म्हणेन.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. ती सतत कमी पडली की भूक वाढते, गोडाची आणि तेलकटाची ओढ वाढते, रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची शरीराची क्षमता घटते आणि व्यायामानंतर स्नायूंची जी डागडुजी व्हायला हवी ती नीट होत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा पण बोलका प्रयोग सांगतो. वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन आठवडे मोजका आहार दिला गेला. एका खेपेस त्यांना साडेआठ तास झोपण्याची मुभा होती, दुसऱ्या खेपेस साडेपाच तासांची. दोन्ही खेपांना वजन सारखेच उतरले, मात्र कमी झोपेच्या खेपेला उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायूंची झीज वाढली. दहा माणसांवरून जगाविषयी निष्कर्ष काढू नये हे खरे, पण ज्या स्नायूंसाठी तुम्ही पहाटे उठत होता त्यांनाच त्या उठण्याची किंमत मोजावी लागत असावी, एवढे तरी त्यावरून लक्षात घ्यावे.

21 दिवसांचा आकडाही मनातून काढून टाका. लंडनमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवस पुरणार होते, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले.

मग वेळ आणायचा कुठून? माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी आधी एक कागद करायला सांगतो. सात दिवस, दर तासाला एक रकाना, आणि त्यात जे खरोखर केले तेच लिहायचे. तुमच्याच वयाच्या एका गृहस्थांनी आणलेला कागद मला अजून आठवतो. पेन्सिलीने लिहिलेले बारीक अक्षर, दिवसभराचे रकाने ठासून भरलेले, आणि रात्री साडेनऊ ते साडेबारा या रकान्यांत सातही दिवस एकच नोंद होती: ‘थोडे काम, थोडा मोबाइल’. ते काम निकडीचे नव्हते आणि ती विश्रांतीही नव्हती. कागद टेबलावर ठेवल्यावर ते स्वतःच त्या रकान्यांवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मला काही सांगावे लागले नाही.

असा कागद करा, आणि पहिले दोन आठवडे व्यायामाचे नावही काढू नका. फक्त झोपण्याची वेळ अकराच्या आत आणा आणि उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही साधारण तीच ठेवा. तिसऱ्या आठवड्यापासून रोज दोन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चाला. जेवणानंतर काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःच ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्शुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून ही वेळ विशेष गुणाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. 150 मिनिटे म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा भरत नाहीत. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरायची नाही, ही जुनी अट याच शिफारशींनी काढून टाकली आहे. त्यामुळे जिने चढलेली तीन मिनिटेही हिशेबात येतात.

आता बसण्याविषयी. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल रेघ उमटलेली दिसते का, ते पाहा. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त वर ढकलतात. तासन् तास पाय हललेच नाहीत तर हे पंपाचे काम थांबते, रक्त खाली साचते आणि पाणी ऊतींत झिरपते. (सूज सकाळपर्यंत उतरत नसेल, किंवा एकाच पायावर येत असेल, तर मात्र थांबू नका, तपासून घ्या.) दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठावे, फोनवर बोलताना उभे राहावे, टाचा दहा-वीस वेळा उचलाव्यात. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्येही जे रोज 60 ते 75 मिनिटे मध्यम श्रम करत होते, त्यांच्यात बसण्यामुळे वाढणारा अकाली मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा झाला. तेवढे तुम्हाला आज जमणार नाही, आणि जमवायचा अट्टहासही करू नका. जिमला जायचेच असेल तर तीन महिन्यांनी, झोप सात तासांवर स्थिरावल्यानंतर आणि संध्याकाळच्या वेळी.

प्रश्न: मी घरून नोकरी करते आणि घरकामही बहुतेक माझ्याकडेच असते. दिवसभर पायाला भिंगरी लागलेली असते, रात्री पाठ धरते. तरी डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. घरकाम हा व्यायाम नाही का? वय 48.

उत्तर: हालचाल म्हणून घरकाम नक्कीच धरले जाते, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: काम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतकी धाप लागत असेल, तर ते मध्यम श्रमाचे काम झाले. जोर लावून फरशी पुसणे, जड सामान घेऊन जिना चढणे हे त्यात बसते. घड्या घालणे, ओट्याशी उभे राहणे बसत नाही.

तुमच्या डॉक्टरांचा मुद्दा बहुधा दुसराच असावा. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि त्यांच्यावर नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडल्याशिवाय ती झीज थांबत नाही. घरकामात तेच ते हात, तीच ती वाकण्याची पद्धत आणि तोच भार वर्षानुवर्षे असतो. त्यातून ताकद वाढत नाही, थकवा मात्र येतो. पाठीची तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. मांड्या आणि नितंबांचे स्नायू दुबळे झाले की वाकताना आणि उचलताना सगळा ताण कमरेवर जातो.

आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटे पुरे आहेत. न हलणाऱ्या, न घसरणाऱ्या खुर्चीसमोर पाय खांद्यांइतके फाकवून उभ्या राहा. हात छातीशी बांधा. मनात एक ते चार मोजत सावकाश खाली या. खुर्चीला नुसता स्पर्श होताच पुन्हा उभ्या राहा. गुडघे आत वळू देऊ नका, टाचा जमिनीवरून सुटू देऊ नका. आठ वेळा झाले की दोन मिनिटे थांबा आणि असे तीनदा करा. पहिल्या दिवशी सहाव्या वेळेला मांड्या थरथरतील. त्याला घाबरायचे कारण नाही, कारण रोजच्या कामात जो भार कधी पडतच नाही तो हाच. त्यानंतर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीवर जोर काढा. पंधरा दिवसांनी आठाचे दहा करा, मग हातात थोडे वजन घ्या. पाठदुखी पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर हे सुरू करण्याआधी तपासणी हवी.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेले नाही. ‘बहुतेक माझ्याकडेच’ हे शब्द मी दोनदा वाचले. ही वीस मिनिटे तुमच्या विश्रांतीतून जाणार असतील तर हा सल्ला निरुपयोगी आहे. घरातल्या इतरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी ओटा आणि भांडी स्वतःकडे घ्यावीत, हा माझ्या औषधाच्या चिठ्ठीचाच भाग समजा आणि तसेच घरी वाचून दाखवा.

प्रश्न: रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. पाळ्या सतत बदलतात. रात्रपाळीनंतर दिवसा चार तासांपलीकडे झोप येत नाही, वजन वाढते आहे, चिडचिड होते. सकाळी घरी येताच तासभर चालून मग झोपावे, असे मैत्रिणी सांगतात. योग्य आहे का?

उत्तर: आम्ही डॉक्टर ज्यांच्या जिवावर रात्री निर्धास्त असतो त्यांनी हा प्रश्न विचारावा आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नसावे, याची खंत आहे. रात्रपाळीची शरीराला पूर्ण सवय होत नाही. तिचा त्रास कमी करता येतो, इतकेच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालते आणि पेशीपेशीत त्याची लहान घड्याळे असतात. या घड्याळांची रेणवीय यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि डुलकी अनावर होते, तो तुमचा दोष नाही.

सकाळच्या उन्हात तासभर चालणे तुमच्यासाठी उलटे ठरेल. तो प्रकाश मेंदूला ‘दिवस उगवला’ असा निरोप देतो आणि झोप आणखी पळते. घरी येताना गडद चष्मा घालावा, थोडे खाऊन लगेच झोपावे. खोलीत दुपारीही स्वतःचा हात दिसू नये इतका अंधार करावा, त्यासाठी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवावा लागला तरी चालेल. चार तासच झोप येत असेल तर उरलेली संध्याकाळी पाळीला निघण्यापूर्वी दीड तासाच्या डुलकीने भरून काढावी. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावी. कॅफीनचा अर्धा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात उरलेला असतो. भरपेट जेवण पाळीपूर्वी करावे आणि मध्यरात्रीनंतर हलके खावे, कारण रात्री शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. तुमच्या वाढत्या वजनात याचाही हात असू शकतो. व्यायाम दुपारी उठल्यानंतर, पाळीला जाण्याआधी करावा.

एका गोष्टीवर मी अडून बसेन. रात्रपाळीनंतर स्वतः वाहन चालवत घरी येत असाल तर ते थांबवता येते का, पाहा. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावलेली आढळली. तुम्ही ठरलेली पाळी करून बाहेर पडता तेव्हा कित्येकदा त्याहून जास्त वेळ जाग्या असता. वाहनाशिवाय पर्याय नसेल तर निघण्यापूर्वी वीस मिनिटे झोपून मगच निघावे. आणि डोळे जड वाटत असतील तर गडद चष्मा घालून गाडी चालवू नये, हे वर सांगायचे राहिले.

पाळ्या कशा फिरतात तेही पाहावे. माणसाचे आतले घड्याळ 24 तासांहून किंचित जास्त लांबीचे असते, म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोसतो. रात्रीवरून दुपारवर, दुपारवरून सकाळवर असा मागे जाणारा क्रम जड जातो. पाळीचे वेळापत्रक लावणाऱ्यांकडे तुम्ही सगळ्याजणींनी मिळून हे लेखी मांडावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगास कारण’ या गटात 2007 साली टाकले आणि 2019 मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. त्यामुळे ही मागणी लाडाकोडाची आहे असे कुणी म्हणू नये.

प्रश्न: रोज 10,000 पावले होत नाहीत, सहा-सात हजारांवरच अडतात. मग फायदा नाही का?

उत्तर: भरपूर आहे. दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय अभ्यास नव्हता. तुमची सहा-सात हजार पावले उत्तम आहेत. त्यांतली हजारभर झपाझप टाका.

प्रश्न: वय 52, कामाचा ताण बराच. अलीकडे दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना छातीवर दडपण येते, थांबले की जाते. स्टॅमिना कमी झाला असे समजून धावायला सुरुवात करू का?

उत्तर: करू नका. श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे छातीवरचे दडपण हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. हे वाचून झाल्यावर लगेच हृदयतज्ज्ञांची वेळ घ्या. तपासणी होईपर्यंत जोराचे श्रम टाळा. दडपण बसल्याबसल्या आले, काही मिनिटांत गेले नाही, किंवा त्याबरोबर घाम आला, जबडा अथवा डावा हात दुखला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णवाहिका बोलवा. व्यायामाविषयी आपण नंतर सावकाश बोलू.

प्रश्न: मी एका विभागाचा प्रमुख आहे. हाताखाली चाळीस माणसे आहेत. सगळेच थकलेले दिसतात, आजारपणाच्या रजा वाढल्या आहेत. त्यांच्यासाठी पावलांची स्पर्धा आणि शनिवारी सकाळी व्यायामाचे शिबिर घ्यायचा विचार आहे. काय सुचवाल?

उत्तर: आपल्या माणसांच्या प्रकृतीची काळजी वाटून पत्र लिहिणारे प्रमुख थोडे, म्हणून सविस्तर लिहितो.

काम शरीराला घडवते किंवा बिघडवते, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते 1953 साली. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. मॉरिस यांचे मोठेपण असे की पुढे त्यांनीच गणवेशांची मापे तपासली आणि चालक नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेने जाड असतात, म्हणजे फरकाचे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही, हे दाखवून दिले. मात्र नंतरच्या अनेक अभ्यासांनी हालचालीचे महत्त्व पक्के केले. त्या वाहकांना कुणी शनिवारी शिबिराला बोलावले नव्हते. हालचाल त्यांच्या कामाच्या तासांत होती.

तासांविषयी तर आकडेच बोलतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक आढळला. 2016 या एका वर्षात अशा दीर्घ कामामुळे जगभरात सुमारे 7,45,000 मृत्यू झाले असावेत असे त्यांचे गणित आहे. श्रम संघटनेचा 1919 सालचा पहिला करारच मुळी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास या मर्यादेविषयी होता, आणि शंभर वर्षांनंतरही आपण तिथेच अडखळतो आहोत याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा शिबिर आधी रद्द करा. थकलेल्या माणसाच्या सुटीची सकाळ घेऊन त्याला तंदुरुस्त करता येत नाही. पावलांच्या स्पर्धेत आधीच चालणारे जिंकतात आणि गुडघे दुखणारे खजील होतात. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांचे प्रत्येकाचे खरे तास काढा; हजेरीपटावरचे नकोत, शेवटचा ईमेल किती वाजता गेला त्यावरून काढा. आठवड्याला 55 तासांच्या वर असलेल्यांची कामे त्यांच्याबरोबर बसून वाटून घ्या, आणि जे काम कुणालाच देता येत नाही ते गरजेचे आहे का, हे तुमच्या वरिष्ठांना विचारा. तासाभराच्या बैठका पन्नास मिनिटांत संपवा, म्हणजे उठायला दहा मिनिटे राहतील. दोन माणसांचे बोलणे असेल तर चालत करा. जेवणाच्या सुटीत बैठक लावू नका.

आणि रात्री आठनंतर संदेश पाठवणे थांबवा. ‘उत्तर उद्या दिले तरी चालेल’ असे खाली लिहिले तरी हाताखालचा माणूस प्रमुखाचा संदेश उघडतोच, आणि उघडला की त्याची झोप तासभर पुढे जाते. तुमचे पत्र मला रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी, कार्यालयाच्या ईमेलवरून आले आहे. म्हणून पहिला महिना हा नियम फक्त स्वतःला लावा, विभागात जाहीर करू नका. दुसऱ्या महिन्यात रात्रीचे संदेश किती कमी झाले ते मोजून मला जरूर कळवा.